हॉर्नपाइपचा नववा खण

क्लूनामाहान, टबरकरी
४ फेब्रुवारी २०१९

फर्गल,

आशीर्वाद. थोरल्या बहिणीला तो द्यावाच लागतो, त्याहून जास्त काही समजू नकोस. अकरा वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा प्रकृतीचंही सांगायला हवं. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. काठी फक्त चर्चमध्ये मिस्सेला जाताना घेते, कारण काठी दिसली की लोक पुढच्या बाकावर जागा करून देतात. तुम्हा दोघांची प्रकृती उत्तम असेलच. गॉलवेत माणसं आजारी पडत नाहीत, मुलाखती देतात.

तुझ्या बायकोने तुझ्या बाबांच्या चालींच्या पुस्तकाची छपाईआधीची पानं पाठवली, ती मिळाली. सोबतची चिठ्ठी गोड होती. ओर्ला चांगली आहे, हे मी तुमच्या लग्नातही म्हटलं होतं आणि तिची कीव येते असंही म्हटलं होतं. बाबा फिडल आणि गज घेऊन भिंतीला टेकून उभे आहेत, तो फोटो तुम्हाला मुखपृष्ठासाठी हवा आहे. फोटो माझ्याकडे आहे, आणि तो माझ्याकडेच राहील. कारण सांगते.

पान एक्केचाळीस. ‘बार्टली ब्रेहनी यांचा हॉर्नपाइप’. पहिल्या भागात तालाचे आठ खण, बरोबर. दुसऱ्या भागातही आठच. बाबांच्या दुसऱ्या भागात नऊ खण होते, फर्गल. नऊ. खण पाडणाऱ्या उभ्या रेघा मोजायला तुला कुणी शिकवलं नसेल तर बोटं आहेत.

ही नाचाची चाल, हा हॉर्नपाइप, बाबांनी कुणासाठी बांधला, हे तू प्रस्तावनेत दोन पानं भरून लिहिलं आहेस. जॉनजो डर्कन, आपला शेजारी, बिजागऱ्यांवरून दार काढून जमिनीवर टाकायचा आणि त्या दारावर नाचायचा. छान लिहिलं आहेस. पर्यटकांना आवडेल. पण जॉनजो नाचायचा कसा, ते तुला ठाऊक नाही, कारण तेव्हा तू टेबलाखाली बसून पाव खात होतास. दुसरा भाग संपत आला की तो एक पाय वर उचलून थांबायचा. अख्खं घर श्वास रोखायचं. मग टाचेचे तीन ठोके, सावकाश, एकेक, आणि तेव्हा कुठे पाय खाली. त्या तीन ठोक्यांसाठी बाबांनी नववा खण ठेवला होता. तो काढलास की जॉनजोला पाय टेकायला जागा राहत नाही. दोन पानं त्याच्या नाचावर लिहायची आणि सुरावट मात्र अशी छापायची जिच्यावर तो नाचूच शकत नाही! वा.

कुणी कापला तो खण? तू, नाहीतर तुझ्यासारखाच कुणी. सगळं सारखं, चौकोनी, पाच देशांतल्या पोरांना एका दुपारी शिकवता येईल असं करणारा. बाबांच्या कबरीपाशी तू हेच अर्धमुर्धं वाजवलंस तेव्हा मी तुला जे बोलले, ते आजही बोलेन.

पंधरा मार्चला पुस्तक छपाईला जाणार, असं ओर्ला लिहिते. तोवर पान एक्केचाळीस दुरुस्त कर. नाहीतर फोटो मिळणार नाही, आणि प्रकाशनाच्या दिवशी मी काठी घेऊन पहिल्या रांगेत बसेन.

तुझ्या जुन्या खोलीचं छत गळतं आहे. तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगितलं.

अट्रॅक्टा


क्लूनामाहान
२२ फेब्रुवारी २०१९

फर्गल,

तुझं पत्र पोचलं. चार ओळींना पत्र म्हणायचं असेल तर. ‘ताई, मी बाबांबरोबर तीस वर्षं वाजवलं. त्यांनी मला आठच खण शिकवले, आठच वाजवले, मरेपर्यंत. तू नऊ कुठून आणलेस? एक तरी पुरावा दे, मी छापतो.’ सही करण्याएवढीही सवड नव्हती वाटतं.

पुरावा! चौतीस वर्षं दवाखान्याच्या नोंदणी खात्यात हरवलेल्या फायली शोधण्यात गेली माझी. डॉक्टर म्हणायचे, ‘असा रोगी नव्हताच.’ मी तळघरातून त्याची फाइल काढून त्यांच्या टेबलावर आपटायची. तू मला पुरावा मागतोस. ठीक. हा घे.

तुझी स्वतःची तबकडी २००३ची, तिच्यात आठ खण. त्याआधी पीटर-जो मॅकडोनाची कॅसेट, १९८७ची, तिच्यातही आठ. पीटर-जो आता बॅलिमोटच्या वृद्धाश्रमात असतो. बासरी उशीखाली ठेवतो, दात कुठे ठेवतो ते त्याला माहीत नाही. मी गेले तेव्हा तो जेलीशी झगडत होता.

‘कोण, अट्रॅक्टा? लग्न झालं का गं?’

‘नाही. तुझ्यासारखेच उरले होते.’

‘मग बरं केलंस,’ म्हणाला. ‘काय हवंय?’

‘ब्रेहनींचा हॉर्नपाइप कुणाकडून उचललास?’

‘तबकडीवरून. त्या डब्लिनच्या मंडळींच्या.’

‘बाबा चार मैलांवर राहत होते, पीटर-जो!’

‘होते की. पण तुझा बाप आधी दोन तास गवत भरायला लावायचा, मग एक चाल शिकवायचा. तबकडी गवत भरायला लावत नाही.’

मी विचारलं, दुसऱ्या भागाच्या शेवटी काही राहून गेल्यासारखं वाटलं नाही का? त्याने चमचा खाली ठेवला आणि शीळ घातली. दात नसताना घातली, तरी सूर पक्का होता. शेवटाशी येऊन थांबला.

‘वाटतं की. दर वेळी वाटतं. जिन्याची अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.’

‘मग कुणाला विचारलं का नाहीस?’

‘म्हटलं, त्यांनी कागदावरून घेतलंय. शिकलेली माणसं. आपल्यालाच चुकीचं वाटत असणार.’

मी त्याची जेली संपवून दिली आणि निघाले.

डब्लिनकरांची तबकडी १९७४ची. वेष्टनामागे बारीक अक्षरात लिहिलंय, ‘जुन्या हस्तलिखितावरून’. म्हणून गेल्या मंगळवारी बसने डब्लिनला गेले, सव्वातीन तास, शेजारी एक बाई अख्ख्या वाटेत अंड्याचं सँडविच खात होती. तिथल्या संग्रहात ते हस्तलिखित आहे. एका मुलीने ते पुठ्ठ्याच्या पाकिटातून काढून माझ्यापुढे ठेवलं, जणू एखाद्या संताचं हाड आहे. एकच कागद. टबरकरीच्या १९६६च्या संगीत-स्पर्धेत शाळकरी मुलांसाठी ‘जुन्या चालींचं स्वरलेखन’ असा एक गट होता, त्यातली प्रवेशिका. आठ खण. शाईने, पट्टीने रेघा मारून.

म्हणजे झरा तिथे आहे. कागदावरून तबकडी, तबकडीवरून कॅसेट, आणि कागद, तबकडी, कॅसेट या सगळ्यांवरून तू. त्या कागदाच्या मागे जाणारं कुणीच उरलं नाही. जॉनजो एकोणऐंशी साली गेला. आई त्याच्याही आधी. तेव्हाचे आपले धाकटे पाद्री फादर मॅकनल्टी पेरूला गेले आणि तिथेच पुरले गेले.

कागद कुणी लिहिला, हे महत्त्वाचं नाही. खाली नाव आहे पण पुसट झालंय. कॉन्व्हेंटमधल्या एखाद्या मुलीचं काम असणार, एवढं मात्र अक्षरावरून कळतं. त्या मुलीचा दोष काय? दोष सिस्टर बेनिग्नाचा. ती तुला शिकवायला नव्हती, तू सुटलास. पियानोपाशी उभी राहून ती लाल पेन्सिलीने आमची बोटं मोजायची. तिच्या मते जे आठात बसत नाही ते देवाने केलेलं नाही. ‘नऊ खणांचा हॉर्नपाइप म्हणजे तीन पायांची कोंबडी. कुठे पाहिलीस अशी कोंबडी?’ असं ती म्हणाली होती, सगळ्या वर्गासमोर, आणि सगळा वर्ग हसला होता. चौदा वर्षांच्या मुलीने काय करायचं? सिस्टरशी वाद घालायचा? सिस्टर बेनिग्ना रोमला जाऊन आली होती.

तर हा पुरावा. मुळातच चूक आहे, आणि तू ती चूक पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून लोकांच्या हातात देणार आहेस. बाबांनी तुला आठ शिकवले असतील. त्याला कारणं असतील. म्हातारपणी माणूस दमतो.

पान एक्केचाळीस बदल. मी सांगते म्हणून बदल. मी तिथे होते, एवढा पुरावा पुष्कळ झाला.

अट्रॅक्टा


क्लूनामाहान
९ मार्च २०१९

फर्गल,

तर तू संग्रहातून त्या कागदाचा फोटो मागवलास. आणि माझ्याकडे पाठवलास, मोठा करून, जणू मला दिसत नाही. ‘नाव पुसट नाही, ताई. स्वच्छ आहे. अट्रॅक्टा ब्रेहनी, दुसरं वर्ष.’

हो. वाचता येतं मला.

खाई त्याला खवखवे, असं तू लिहिलं नाहीस, हे तुझे उपकार. तू फक्त विचारलंस, ‘आणखी काय लपवलं आहेस?’ तुझा हा सौम्य सूर मला लहानपणापासून सहन होत नाही. ओरड ना माणसा. मी ओरडते तसा ओरड.

ऐक मग, आणि मध्ये बोलू नकोस. पत्रात तेवढी सोय असते.

स्पर्धेआधी एका शुक्रवारी मी सिस्टरला कच्चं लिखाण दाखवलं होतं, नऊ खणांचं. तिने नवव्याभोवती लाल गोल काढला. कोंबडीचं तेव्हाच म्हणाली. रविवारी मिस्सेनंतर फादर मॅकनल्टी आपल्याकडे जेवायला आले आणि त्यांचं टेपचं यंत्र घेऊन आले. दोन रिळांचं, सुटकेसएवढं. त्यांना बाबांचं वादन साठवायचं होतं. यंत्र टेबलावर, तू टेबलाखाली, आई बटाटे गाळत होती. बाबांनी तोंड धुतलं, कॉलर लावली. टेपला कॉलर दिसत नाही, असं आई म्हणाली. ‘मला दिसते,’ बाबा म्हणाले.

त्यांनी हॉर्नपाइप धरला. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग एकदा, पूर्ण, नऊच्या नऊ. आणि दुसऱ्यांदा सुरू करणार इतक्यात मी म्हटलं, ‘थांबा बाबा. तुम्ही चुकताय.’

फादर हसले. बाबांनी गज खाली घेतला. ‘कुठे गं?’

‘शेवटी एक जास्तीचा आहे. हॉर्नपाइप आठाचाच असतो.’

‘तो जॉनजोसाठी आहे.’

‘सिस्टर म्हणते तशी चाल नसतेच. आपण अडाणी आहोत म्हणून अशी वाजवतो. मी हे स्पर्धेला पाठवणार आहे, बाबा, परीक्षक हसतील मला.’

हे सगळं फादरसमोर. अडाणी हा शब्द मी फादरसमोर वापरला.

आई म्हणाली, ‘अट्रॅक्टा, जीभ आवर.’ पण बाबा रागावले नाहीत, फर्गल. रागावले असते तर मी आज सदुसष्टाव्या वर्षी इथे बसून हे लिहीत नसते. ते मन लावून ऐकत होते. सहावीत शाळा सुटलेला माणूस, आणि त्याच्या पोरीला कागदावर सूर लिहिता येत होते. गावात कुणालाच येत नव्हते. त्यांना वाटलं, हिला ठाऊक असणार. त्यांनी मला हाताने मोजून दाखवायला सांगितलं. मी टेबलावर आठ वेळा बोट आपटलं. त्यांनी वाजवून पाहिलं. दोनदा हात सवयीने पुढे गेला, नवव्यात शिरला, आणि दोन्ही वेळा ते थांबले आणि म्हणाले, ‘छे, पुन्हा.’ तिसऱ्यांदा जमलं.

मला पहिलं बक्षीस मिळालं. पदक होतं, निळ्या फितीचं. बाबांनी ते कपाटाच्या काचेमागे असं लावलं होतं की दारातून आत येणाऱ्याला सर्वांत आधी दिसावं.

त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनला, दुपारी आपल्या घरात नाच होता. जॉनजोने दार काढून टाकलं, आणि बाबांनी हॉर्नपाइप लावला. आठाचा. जॉनजो शेवटाला आला, पाय वर घेऊन थांबला आणि चाल त्याच्या पायाखालून पुढे निघून गेली. तो धडपडला. दारावरून खाली आला, एका हाताने चुलीचा कठडा धरला. सगळे हसले. तो पडावा म्हणूनच बाबांनी गंमत केली, असं लोकांना वाटलं.

‘बार्टली,’ जॉनजो म्हणाला, ‘माझी जागा कुठे गेली रे?’

आणि बाबा म्हणाले, ‘अरे, ती नव्हतीच. पोरीने कागदावर मांडून पाहिलंय. आपलंच चुकत होतं इतकी वर्षं.’

जॉनजोने माझ्याकडे पाहिलं. दार उचललं, नेऊन बिजागऱ्यांवर बसवलं, टोपी घातली. आपल्या घरी तो पुन्हा येत राहिला, गप्पा मारायला, पत्ते खेळायला. नाचला मात्र नाही. आणि बाबांनी मरेपर्यंत आठच वाजवले. तू म्हणतोस ते अक्षरशः खरं आहे, म्हातारपणाचं वगैरे मी उगाच लिहिलं. मी विसाव्या वर्षी त्यांना म्हटलं होतं एकदा, ‘बाबा, तुमचं ते जुनं वाजवा ना, जॉनजोवालं.’ म्हणाले, ‘ते कशाला, चुकीचं?’ मी पुढे काही बोलले नाही. बोलता आलं असतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, ते कोकरांना बाटलीने दूध पाजत होते, वेळच वेळ होता. नाही बोलले.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. यंत्र फादर घेऊन गेले, पण पेरूला जाण्याआधी रीळ मला देऊन गेले. त्रेपन्न वर्षं ते माझ्याकडे आहे. मी ते एकदाच ऐकलं, बाबांना पुरल्यावर चौथ्या दिवशी, दवाखान्याच्या तळघरात, जुन्या यंत्रावर. या पत्रासोबत ते पाठवते आहे, नोंदणी करून. गॉलवेत ते वाजवणारं यंत्र असेल, तुमच्याकडे सगळं असतं. एकदाच वाजव आणि वाजतानाच त्याची नक्कल उतरवून घे. फीत ठिसूळ झाली आहे.

पुरावा मागितलास, हा पुरावा. जगात नववा खण एवढ्याच ठिकाणी आहे, आणि तो पूर्ण होतो न होतो तोच माझा आवाज येतो.

पुस्तकासोबत तुम्ही ध्वनिमुद्रण देणार आहात, तर त्यात हे घाल. आणि ओर्लाला सांग, संगीत तेवढं ठेवून बोलणं काढून टाकायचं, असलं सौजन्य मला नको आहे. माझं ‘थांबा बाबा’ राहू दे. अडाणी राहू दे. त्यांचं दोनदा अडखळणंही राहू दे. शेवटी बाबा विचारतात, ‘असं? आता बरोबर?’ आणि एक शहाणी पोर म्हणते, ‘हो. आता बरोबर.’ तिथे रीळ संपतं. तिथपर्यंत ठेव.

पान एक्केचाळीसवर नऊ खण छाप, आणि खाली एक ओळ : नववा खण १९६६ साली बार्टली ब्रेहनी यांच्या मुलीने काढला. नाव घाल. जागा नसेल तर तुझ्या प्रस्तावनेतलं काहीतरी काप, तिथे पुष्कळ आहे. फोटो वेगळ्या पाकिटातून येतो आहे. कोपऱ्यावर चहाचा डाग आहे, तो माझा नाही, आईचा आहे.

ही ओळ मी बाबांसाठी मागत नाही. ते गेले, त्यांना आता सांगता येत नाही. तुझ्यासाठी मागते आहे. कबरीपाशी चाळीस माणसं उभी होती, तू फिडल खाली घेतलंस, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘बापाला अर्धा करून पुरलास.’ तू गज पेटीत ठेवलास, माझ्याकडे न बघता फाटकातून बाहेर गेलास, आणि तिथून गेलास तो गेलासच. तू त्यांनी शिकवलं तेच वाजवलं होतंस. मला ते त्या क्षणीही ठाऊक होतं. म्हणूनच आवाज एवढा चढला.

त्या चाळीस जणांना आता गोळा करता येणार नाही. निम्मे गेले, उरलेल्यांतले निम्मे वृद्धाश्रमात शीळ घालतात. म्हणून छापून सांग. ज्यांनी ऐकलं त्यांच्यातल्या कुणाच्या तरी हातात पुस्तक पडेल.

चुकले, फर्गल. हा शब्द मी आयुष्यात फार वेळा लिहिलेला नाही, अक्षर वाकडं आलं असेल तर तसंच वाच.

तुझी बहीण,
अट्रॅक्टा